नेहमीची गावं

एप्रिल लागला की आमच्या होस्टेलच्या नळाला सकाळी नऊ वाजताच गरम पाणी येतं. खिडकीला ओली चादर बांधायची, टेबल पंख्याखाली ओढायचं, हॉल तिकीट वहीच्या पहिल्या पानात ठेवायचं आणि वाचायला बसायचं. दर वर्षी हेच. मी आता एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे नांदेडमधला हा माझा पाचवा उन्हाळा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. त्यामुळे परीक्षेचे दिवस सगळ्यांनाच असे जड जातात की मलाच, हे मला नीट सांगता येत नाही.

परवा दुपारी खालून प्रचाराचा ऑटो गेला. कसली तरी निवडणूक आहे, हल्ली कसली ना कसली असतेच. ऑटोत ड्रायव्हरशिवाय कुणी नव्हतं. आवाज पेनड्राइव्हमधला. ताई, माई, अक्का म्हणत तो दवाखान्यासमोरूनही तसाच गेला आणि आमच्या अभ्यासिकेसमोरूनही तसाच. त्याला मधे श्वास घ्यावा लागत नव्हता. मी पुस्तक मिटलं. डोळ्यांसमोर दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आला.

तेव्हा बी.ए.ची शेवटची परीक्षा आणि लोकसभेची निवडणूक एकदमच आली होती. राज्यशास्त्राच्या सरांनी मला प्रकल्प दिला होता, एका जुन्या लोकसभा मतदारसंघाचा निवडणूक इतिहास. त्या मतदारसंघाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं की लोक आधी माझा पक्ष विचारतात, मग जात, आणि मतदारसंघ बाजूलाच राहतो. एवढंच सांगते, की मतदारसंघांच्या हद्दींच्या पुनर्रचनेआधी तो होता आणि आता नाही. त्याची गावं शेजारच्या मतदारसंघांत वाटली गेली. आमचं गाव लोहा तालुक्यातलं. जिल्हा नांदेड, दवाखाना नांदेड, कोर्ट नांदेड, कॉलेज नांदेड आणि खासदार लातूरचा. गावाच्या पूर्वेला ओढा आहे, उन्हाळ्यात त्यात नुसते दगड असतात. त्या ओढ्यापलीकडची सहा गावं नांदेडच्या मतदारसंघात गेली. पूर्वी अलीकडचं, पलीकडचं सगळं एकच होतं.

आमच्या खोलीत आम्ही तिघी. एक किनवटची, एक हिमायतनगरची आणि मी. कॉलेजातल्या मतदार शिबिरात फॉर्म भरताना तिघींनीही लोकसभेच्या रकान्यात नांदेड लिहिलं. टेबलामागच्या बाबूंनी तिन्ही फॉर्म परत केले. "तुमचा लातूर. तुमच्या दोघींचा हिंगोली. राहता नांदेडात आणि एकीचाही नांदेड नाही?"

किनवटची म्हणाली, "सर, आमच्या होस्टेलचं पाणी बी नांदेडचं न्हाई, टँकरचं हाय."

बाबूंना हसू आलं नाही. आम्ही मात्र खोलीवर येईपर्यंत हसत होतो. आता ते आठवलं की हसू थोडंच येतं.

प्रकल्पासाठी माझ्याकडे निकालांचे तक्ते होते. वर्ष, विजयी उमेदवार, पराभूत उमेदवार, मतं, टक्केवारी. मी ते स्वच्छ अक्षरात उतरून काढले, खाली पट्टीने रेघा मारल्या. वाचताना मात्र काही हाती लागेना. त्या तक्त्यांत एकही गाव नव्हतं. कुणाला ऊन लागत नव्हतं, कुणी रांगेत उभं नव्हतं. सुट्टीत घरी गेले तेव्हा मायला जुन्या निवडणुकांचं विचारलं. माय आमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. मतदान शाळेतच असतं, त्यामुळे आदल्या दिवशी आलेल्या साहेब लोकांचं जेवणही तीच करते.

"एका साली आलेला साहेब अंगानं लई मोठा व्हता," माय म्हणाली, "पर जेवला दीड भाकर. त्याच्या मागच्या बारीला मास्तरीण आली व्हती. विंचवाच्या भेवानं खुर्चीवर पाय घेऊन बसायची."

"पण निवडून कोण आलं, माय?"

"मला काय ठावं? मी भाकरी थापून राहिले व्हते."

हे मी वहीत लिहून घेतलं, पण प्रकल्पात कुठे घालावं ते कळलं नाही.

लोह्याच्या बसस्टँडसमोर खाजाचाचांचं दुकान आहे. खाजाचाचा आणि पुढे येणारे माणिकराव, ही दोन्ही नावं मी ठेवलेली आहेत. गावाकडच्या गाडीची वाट बघत मी लहानपणापासून त्या दुकानाच्या सावलीत उभी राहत आले. पूर्वी ते लाऊडस्पीकरचं दुकान होतं. आता तिथे मोबाईलची कव्हरं आणि चार्जर लटकतात, पण छताला चार जुने भोंगे अजून आहेत, चिमण्यांनी त्यात काड्या भरल्यात. चाचांनी स्टूल पुढे सरकवलं आणि विचारलं, "काय लिवून राहिलीस बेटा? परीक्षा हाय का?"

मी सांगितलं. जुना मतदारसंघ, त्याचा इतिहास.

ते जरा सरसावून बसले. "मग मला विचार की. म्या सगळा फिरलोय तो. भोंगा घेऊन."

आणि त्यांनी मला मतदारसंघ सांगितला. वर्षांनी नाही, रस्त्याने. कुठल्या गावात लिंबाखाली गाडी लावायची, कुठे मारुतीच्या पारापाशी. कुठल्या गावात दुपारी जाऊन उपयोग नाही, कारण बाया करडई काढायला गेलेल्या असतात आणि घरी फक्त कुत्री ऐकतात. अजान चालू असली की भोंगा बंद, काकडा चालू असला की बंद. एखाद्या दारात लोक खाली बसलेले दिसले, म्हणजे घरात मयत झालेली, की भोंगा बंद करून, इंजिनही बंद करून गाडी ढकलत गल्लीच्या पार न्यायची. उमेदवार गाडीत असला तर त्यालाही उतरून ढकलायला लावायचं. "एकदा एका लई मोठ्या माणसाला ढकलाय लावली," चाचा म्हणाले. "निवडून आल्यावर मला म्हणला, खाजा, सगळ्या प्रचारात तेवढीच एक गल्ली मला ध्यानात हाय."

"कुठल्या पक्षाचं काम करायचात?"

"सगळ्यांचं. जो आधी येईल त्याचं. आवाज माझा, उमेदवार त्यांचा."

त्यांनी माईक धरल्यासारखी मूठ तोंडापुढे नेली आणि हळू आवाजात हाक दिली. अक्का, मावशी, वैनी, ऐका वं. मला एकदम आमचं अंगण दिसलं. मी पाच-सहा वर्षांची असेन, शेण सुकलेलं, मायच्या पदराला पीठ, आणि ओढ्याच्या अंगाने येणारी हीच हाक. तो आवाज ह्यांचा होता, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

त्यांनी मला इतक्या आपुलकीने सगळं का सांगितलं, ते मग कळलं. त्यांना एक गोष्ट लिहून हवी होती.

पुनर्रचनेनंतरची ती पहिली लोकसभा. लातूरच्या मतदारसंघात एक अपक्ष उभा होता, चिन्ह शिलाई मशीन. लोह्याच्या बाजूला त्याचं काम माणिकराव बघत होते. चाचांच्या दुकानासमोरच त्यांचं खता-बियाण्यांचं दुकान. प्रचार संपायला दोन दिवस राहिलेले. चाचांनी सकाळी गाडी काढली, आणि ओढा ओलांडून पलीकडच्या सहाही गावांत दिवसभर शिलाई मशीनचा प्रचार केला. ती गावं आता त्या मतदारसंघात नव्हतीच. तिथल्या एकाही माणसाला शिलाई मशीनला मत देता येणार नव्हतं.

"कुणीच काही बोललं नाही?" मी विचारलं.

"कोण बोलंल? चहा पाजला बेटा. एका गावात तर मलाच हार घातला. म्हणले, खाजाभाई, तुम्ही आला म्हणजे आमची मतं तुम्हालाच. त्यान्ला बी कुठं ठाव व्हतं? ओढा तोच, गावं तीच, मी तोच."

मतदानाच्या दिवशी पलीकडच्या एका गावात एक म्हातारी मतदान यंत्रापुढे अडून बसली. शिलाई मशीन कुठाय म्हणाली. आतला साहेब म्हणाला, आजी, इथे नाही ते. तर म्हणाली, नाही कसं, परवा खाजा सांगून गेलाय ना! ही गोष्ट बाजारभर झाली. लोक आधी हसले. मग उमेदवार पडला, आणि लोकांचं हसणं थांबलं. खाजाने विरोधी उमेदवाराकडून पैसे खाल्ले, मुद्दाम दिवस वाया घालवला, असं माणिकराव चारचौघांत म्हणाले. तेव्हापासून चाचांना प्रचाराला कुणीही बोलावलं नाही. ह्या पक्षाने नाही, त्या पक्षानेही नाही. माझ्या तक्त्यात बघितलं तर तो अपक्ष इतक्या मतांनी पडला होता, की ती सहा गावं खरंच त्याची असती तरी पडलाच असता. मी चाचांना ते दाखवलं. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. त्यांना उर्दू वाचता येतं, मराठी नाही.

"त्ये जाऊ दे. तू एवढंच लिव. खाजानं पैसे खाल्ले न्हाईत. चूक झाली. कॉलेजच्या कागदावर आलं म्हणजे लोक मानतेत. माझ्या म्हणण्याला पंधरा वर्षं झाली, कोण मानून राहिलं?"

मी म्हणाले, लिहीन. किती सहज म्हणाले.

सरांनी माझा मजकूर शांतपणे वाचला. ते चांगले आहेत, मला फी भरायला मुदत त्यांनीच मिळवून दिली होती. म्हणाले, "गोष्ट चांगली आहे. पण ही एकाच माणसाने सांगितलेली, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्यानेच. दुसऱ्या बाजूचा माणूस काय म्हणतो? त्याने दुजोरा दिला तर ठेव. नाहीतर काढ." त्यांचं काही चुकलं नव्हतं. मला फक्त माणिकरावांच्या दुकानात जायची भीती वाटत होती.

सबमिशनच्या आधीचा आठवडा होता. ओढ्याच्या त्या बाजूला मतदान होऊन गेलं होतं, आमचं व्हायचं होतं. लोह्याच्या बाजारात त्यामुळे बोटाला शाई लागलेले आणि न लागलेले एकाच हातगाड्यावर कैऱ्या घेत होते. आमच्या गावची माणसंही ज्याची भाषणं नांदेडच्या बाजारात ऐकली होती त्याचंच नाव घेत होती. तो आपल्याकडे उभा नाही, हे मी दोघा-तिघांना सांगितलं. एकाने मला नीट खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "लई शिकलीस."

माणिकराव गल्ल्यामागे बसले होते. आता थकलेत, कानात यंत्र. "बस पोरी. कुणाची तू?"

मी गाव सांगितलं, मायचं नाव सांगितलं. खिचडीवाली म्हटल्यावर त्यांना ओळख पटली. मग मी प्रकल्प सांगितला आणि मग ती सहा गावं विचारली.

त्यांनी रस्त्यापलीकडे चाचांच्या दुकानाकडे बघितलं.

"त्यानं पैसे खाल्ले न्हाईत," ते म्हणाले. "त्याला म्याच धाडला. सकाळी आला, म्हणला, मालक, आज कुठं जाऊ? म्या म्हणलं, नेहमीची गावं घे. मला तरी कुठं ठाव व्हतं, आपली नेहमीची गावं आता आपली न्हाईत? सांजच्याला नकाशा बघितला तवा समजलं."

"मग तुम्ही..."

"लातूरहून फोन आला. कुणी केलं म्हणले. माझ्याकडं तालुक्याचं काम व्हतं, पोरगं नोकरीला लावायचं व्हतं. भोंगेवाल्याचं नाव निघून गेलं तोंडातून. एकदा निघालं ते निघालं."

मी वही उघडली. त्यांनी हात आडवा केला. "तुला तोंडी सांगितलं. कागदावर न्हाई. तुझ्या सरला सांग, माणिकराव काई बोलला न्हाई."

रस्ता ओलांडून मी चाचांकडे आले. रस्ता कितीसा असतो, पण ते ऊन मला अजून आठवतं. डांबर मऊ झालं होतं, चपलेला चिकटत होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते चिडतील, किंवा रडतील. त्यांनी एका गिऱ्हाइकाला चार्जर दिला, मग माझ्याकडे वळले.

"मला ठाव हाय की. मला तर त्यानंच सांगितलं व्हतं ना, नेहमीची गावं घे."

"मग तेव्हाच का नाही बोललात, चाचा?"

"बोललो असतो तर मालकाचं नाव सांगितलं म्हणून कुणी बोलावलं नसतं." ते हसले. "न बोलता बी न्हाईच बोलावलं. तेवढा हिशोब चुकला माझा."

"मी त्यांचं लिहू का? नाव न घालता?"

"नको. त्याची नातवंडं माझ्याकडं रिचार्ज मारायला येतेत. रोज तोंड बघावं लागतं. त्याचं नको. माझं तेवढं लिव. चूक झाली म्हण. माझीच म्हण."

सगळा खोटा आळ अंगावर घेऊन बसलेला माणूस आता खरी चूकसुद्धा स्वतःच्याच नावावर मागत होता. त्या दिवशी मला ते फार मोठं वाटलं होतं. नंतर विचार करताना वाटलं, मोठंबिठं काही नसेल. समोरासमोर दोन दुकानं असतात, मधे एक रस्ता, आणि उरलेली वर्षं काढायची असतात.

मी एक वाक्य लिहिलं. "पुनर्रचनेनंतरच्या पहिल्या निवडणुकीत प्रचारकाकडून हद्दीबाबत अनवधानाने चूक झाली." सरांनी खाली पेन्सिलीने रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, संदर्भ? संदर्भ दुकानात बसला होता, कागदावर नाही म्हणत. दुसऱ्या दिवशी बाइंडिंगला द्यायचं होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपर. मी ते वाक्य काढून टाकलं. भांडले नाही. सरांना म्हणाले नाही की थांबा, मी पुन्हा जाते. खूप दमले होते, एवढंच कारण आज मला सापडतं, आणि ते पुरेसं वाटत नाही. प्रकल्पाला चांगले गुण मिळाले. तक्ते व्यवस्थित आहेत, असा शेरा आहे.

त्यानंतर मी लोह्याच्या स्टँडवर उतरायचं टाळत आले. एक थांबा आधी उतरते, पेट्रोल पंपापाशी, आणि तिथून गावची जीप मिळते का बघते. उन्हात अर्धा-अर्धा तास उभी राहते. चाचांच्या दुकानात स्टूल आहे, सावली आहे, पाण्याचा माठ आहे. पण ते विचारतील, आलं का? ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दोन वर्षं मी असंच केलं. लोक म्हणतील एवढ्याशा गोष्टीसाठी? मीही मला तसं म्हणून बघितलं. उपयोग झाला नाही.

आणि काल मायचा फोन आला. परीक्षेच्या दिवसांत ती सहसा फोन करत नाही, माझा अभ्यास मोडेल म्हणून. आधी पाण्याचं बोलली, मग शाळेत नवीन गॅस आला त्याचं. मग म्हणाली, "तुझं लई नाव करून राहिला तो खाजाभाई. बाजाराला गेले तर मला बसवून चहा पाजला."

"का?"

"सगळ्यान्ला सांगतो, ह्या बाईच्या लेकीनं माझं कॉलेजात लिवलंय. खाजानं पैसे खाल्ले न्हाईत म्हणून. चूक झाली म्हणून. नांदेडला छापून ठिवलंय म्हणतो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक पोरगं म्हणलं, कशावरून चाचा? तर समोरचे माणिकराव हायेत न्हाई का, बियाण्यावाले, त्ये तिथंच बसले व्हते. त्ये म्हणले, लिवलंय की. म्या वाचलंय."

"माणिकराव म्हणाले? वाचलंय म्हणून?"

"हाव. दोघं आता एकाच बाकड्यावर बसतेत दुपारचं. पोरगं गप झालं मग." मायने विचारलं, "लिवलंयस ना गं खरंच?"

खिडकीतली चादर पार वाळली होती. मैत्रीण पलीकडच्या खाटेवर मोठ्याने उत्तरं पाठ करत होती. मला मायशी खोटं बोलायची सवय नाही. पण खरं सांगितलं असतं तर ते माझ्याकडून मायकडे, मायकडून बाजारात गेलं असतं, आणि त्या बाकड्यावर पुन्हा एकच माणूस उरला असता.

"हाव," मी म्हणाले.

"मग त्याची झेरॉक्स आण म्हणलाय तो. दुकानात लावायची हाय, काच बसवून. पेपर झाले की येतीस ना?"

पेपर संपायला अजून सहा दिवस आहेत. सरांना पुन्हा जाऊन काय म्हणायचं ते मला माहीत नाही. माणिकराव ह्या वेळी कागदावर सही करतील का, तेही माहीत नाही. विचारून बघणार आहे. बाजारात म्हणाले तेच लिहून द्या, एवढंच म्हणेन. सहा दिवसांनी मी पेट्रोल पंपावर उतरणार नाही. वहीतलं एक कोरं पान फाडलं. चाचांना वाचता येणार नाही, पण दुकानात येणाऱ्यांना येईल, म्हणून अक्षर मोठं काढलं. प्रकल्पाच्या भाषेत दोनदा लिहून बघितलं आणि दोन्हीदा खोडलं. मग जसं त्यांनी सांगितलं होतं तसंच लिहिलं. खाजानं पैसे खाल्ले नाहीत. खाली माझं नाव लिहिलं, आणि सही केली.